डेट्रॉइट यॉट क्लब : गार वुड आणि वेगाच्या शर्यतींचे पर्व

डेट्रॉइट यॉट क्लबची स्थापना 1868 मध्ये झाली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट तेव्हा मोटारींचे शहर नव्हते. सरोवरांवरून होणाऱ्या मालवाहतुकीवर आणि लहानमोठ्या कारखान्यांवर जगणारे ते नदीकाठचे शहर होते. क्लबच्या सभासदांना इंजिनात रस नव्हता, वाऱ्यात होता. सेंट क्लेअर सरोवराचे पाणी ईरी सरोवराकडे नेणारी डेट्रॉइट नदी त्यांच्या दारातून वाहत होती, पलीकडच्या तीरावर कॅनडाचे विंडसर दिसत होते आणि शिडाच्या नौकांना उन्हाळाभर पुरेल एवढे मोकळे पाणी होते. नदीच्या मधोमध असलेले बेल आइल हे बेट 1879 मध्ये शहराने विकत घेतले. तेथील उद्यानाचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडे सोपवण्यात आला. पुढे क्लबचे बिऱ्हाड याच बेटाच्या कडेला स्थिरावले. क्लबच्या नशिबात जे काही घडले, ते या जागेमुळे घडले. बेटाच्या आणि शहराच्या काठावरून लाखो लोकांना फुकट पाहता येईल असे शर्यतीचे मैदान फार थोड्या क्लबांच्या वाट्याला येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोलचे इंजिन पाण्यावर आले. 1903 मध्ये अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन स्थापन झाली आणि 1904 मध्ये न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत गोल्ड कपची पहिली शर्यत झाली. या चषकाचा एक नियम पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. नौका ज्या क्लबच्या निशाणाखाली धावते, तो क्लब विजेता ठरे आणि पुढच्या वर्षीची शर्यत आपल्या पाण्यात भरवण्याचा हक्क त्याला मिळे. चषक जिंकणे म्हणजे यात्राच आपल्या गावी आणणे. हॉटेलवाल्यांपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळ्यांना त्यात वाटा मिळे. त्यामुळे श्रीमंतांच्या या हौसेत अख्खे शहर भावनेने गुंतू लागले. नियम साधा होता, पण त्याने शहरांशहरांत जी चुरस लावली ती साधी नव्हती.

डेट्रॉइटकडे हा हक्क पहिल्यांदा आला 1915 मध्ये. शहरातील काही व्यावसायिकांनी वर्गणी काढून ‘मिस डेट्रॉइट’ ही नौका बांधून घेतली. नौका बांधली क्रिस स्मिथ यांनी. सेंट क्लेअर नदीकाठच्या अल्गोनॅक गावात बदकांची शिकार आणि होड्या बांधणे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. त्यांचे नाव पुढे ‘क्रिस-क्राफ्ट’ या नौकांमुळे जगभर झाले. न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेट उपसागरात मिस डेट्रॉइट जिंकली आणि 1916 ची शर्यत डेट्रॉइटला आली. मात्र त्या वर्षी मिनीॲपोलिसच्या नौकेने चषक पळवला, आणि ती नौकाही स्मिथ यांनीच बांधलेली होती. वर्गणीदारांच्या हाती उरले ते कर्ज. मिस डेट्रॉइट विकायला निघाली आणि तिला गिऱ्हाईक मिळाले ते म्हणजे गारफील्ड आर्थर वुड.

वुड यांचा जन्म 4 डिसेंबर 1880 रोजी आयोवा राज्यातील मेपलटन येथे झाला. त्याच्या महिनाभर आधी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या गारफील्ड आणि आर्थर यांची नावे वडिलांनी मुलाला दिली. तेरा भावंडांचे हे कुटुंब पुढे मिनेसोटात गेले आणि वडील ओसाकिस सरोवरावर वाफेची फेरीबोट चालवू लागले. वुड यांना नौकांचे वेड लागले ते तेथेच. प्रतिस्पर्धी फेरीबोटीशी लागलेल्या एका शर्यतीत सरपण संपले तेव्हा बोटीवरचे लाकडी सामान भट्टीत घालून वडिलांनी बाजी मारली, अशी कथा त्यांच्याबद्दल सांगतात. ती खरी असो वा रंगवलेली, मुलाच्या पुढच्या वागण्याशी ती जुळते एवढे नक्की. वुड यांची श्रीमंती मात्र पाण्यावरची नव्हती. 1911 मध्ये कोळशाच्या ट्रकचा हौदा हाताने फिरकी फिरवून तिरका करणाऱ्या माणसाचे कष्ट त्यांनी पाहिले आणि द्रवाच्या दाबाने हौदा उचलणारे यंत्र तयार केले. आजच्या डंपरचा हौदा त्याच तत्त्वावर उठतो. या शोधातून उभ्या राहिलेल्या कारखान्याने त्यांना डेट्रॉइटच्या धनिकांत नेऊन बसवले.

मिस डेट्रॉइट घेतल्यावर वुड यांनी पहिली चौकशी केली ती नौका बांधणाऱ्याची. क्रिस स्मिथ यांच्याशी गाठ पडताच त्यांनी अल्गोनॅकच्या नौकाबांधणीतच पैसा घातला. यात त्यांचा स्वभाव दिसतो. नौका विकत घेऊन ती पळवणारे हौशी पुष्कळ होते. वुड यांनी सुतार, कारखाना, इंजिनाचा कारागीर आणि हाकणारा अशी सगळी साखळी एका हाताखाली आणली. 1917 मध्ये ते ‘मिस डेट्रॉइट दुसरी’ घेऊन मिनेसोटातील मिनीॲपोलिसला गेले आणि गोल्ड कप घेऊन परतले. त्यानंतर 1918, 1919, 1920 आणि 1921 अशी सलग चार वर्षे चषक डेट्रॉइट सोडून गेला नाही. पाचही वेळा सुकाणू वुड यांच्या हाती होते.

या नौका हायड्रोप्लेन प्रकारच्या होत्या. साधी नौका पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढेल तसा तिच्या नाळेपुढे पाण्याचा बांध चढत जातो आणि एका मर्यादेनंतर अधिक शक्ती लावूनही वेग फारसा वाढत नाही. हायड्रोप्लेनचा तळ सपाटीकडे झुकलेला असतो. पुरेसा वेग मिळाला की पाण्याच्या दाबाने नौका वर उचलली जाते आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत धावते. तळाला मध्येच पायरीसारखा एक टप्पा ठेवला, तर त्या टप्प्याच्या मागे हवा शिरते आणि लाकडाचा पाण्याशी होणारा संपर्क आणखी घटतो. वुड यांच्या बहुतेक शर्यती नौका अशाच पायरीच्या होत्या. पाण्याला कमी टेकणारी नौका हलकी आणि चपळ होते, पण तेवढीच बेभरवशाचीही. समोरून आलेली एखादी लाट किंवा दुसऱ्या नौकेने मागे सोडलेला खळबळाट तिला उलटवायला पुरतो.

तळाच्या रचनेत वुड यांच्या कारागिरांचे काम चोख होते, पण त्यांच्या विजयांचे गमक इंजिनांत होते. मिस डेट्रॉइट तिसरीत त्यांनी कर्टिस कंपनीचे विमानाचे बारा सिलिंडरी इंजिन बसवले, तेव्हा विमानाचे इंजिन नौकेत चालते का, यावर प्रतिस्पर्ध्यांनी बराच गदारोळ केला. पहिले महायुद्ध संपताच लष्करासाठी बनलेली ‘लिबर्टी’ विमान-इंजिने हजारोंनी पडून राहिली. या इंजिनाचा आराखडा 1917 मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात काही दिवसांच्या बैठकीत तयार झाला होता आणि तो करणाऱ्या दोघांपैकी एक, जेसी व्हिन्सेंट, डेट्रॉइटच्याच पॅकार्ड मोटार कंपनीचे अभियंता होते. वुड यांनी युद्धोत्तर विक्रीतून या इंजिनांचा मोठा साठा उचलला. एरवी सरकारी गोदामात गंजत पडले असते ते लोखंड डेट्रॉइट नदीवर गर्जू लागले. त्याच काळात अमेरिकेत दारूबंदी आली आणि कॅनडाहून नदी ओलांडून चोरटी दारू आणणाऱ्यांनाही वेगवान नौकांची गोडी लागली. नदीवरच्या प्रत्येक गर्जनेमागे खेळच असे, असे नाही.

1920 मध्ये वुड यांनी नजर वळवली हार्म्सवर्थ चषकाकडे. ब्रिटिश वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी 1903 मध्ये ठेवलेला हा चषक देशादेशांतील शर्यतीचा होता. नौका आणि तिचे इंजिन, दोन्ही स्पर्धक देशातच बनलेली असावीत अशी त्याची अट होती. 1912 आणि 1913 मध्ये तो इंग्लंडच्या ‘मेपल लीफ चौथी’ने जिंकला होता आणि मग युद्धामुळे शर्यत थांबली होती. दोन लिबर्टी इंजिने बसवलेली ‘मिस अमेरिका’ घेऊन वुड इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइटजवळच्या पाण्यात त्यांनी चषक जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरात डेट्रॉइट नदीवर त्यांनी ताशी 74.87 मैलांचा, म्हणजे सुमारे 120 किलोमीटरचा, जागतिक विक्रम केला. हार्म्सवर्थ चषक त्यानंतर 1959 पर्यंत अमेरिकेबाहेर गेला नाही.

गोल्ड कपच्या बाकीच्या स्पर्धकांना मात्र हे सोसेना. पैसा, कारखाना आणि इंजिनांचे कोठार हाताशी असलेल्या माणसापुढे त्यांना शर्यतीला उतरण्यातच अर्थ दिसत नव्हता. 1922 पासून नियम बदलले. इंजिनाची क्षमता 625 घन इंचांवर रोखली गेली, पायरीचे तळ बाद झाले आणि सभ्य गृहस्थाने सहलीला न्यावी अशा थाटाच्या नौकाच पात्र ठरल्या. नियम कागदावर सर्वांसाठी होते, पण त्यांचा रोख कोणावर होता हे लपून राहिले नाही. नव्या नियमांखाली 1922 चा चषक जिंकला तो लिबर्टी इंजिनाच्या त्याच जेसी व्हिन्सेंट यांनी. म्हणजे वुड बाहेर गेले तरी चषक डेट्रॉइटलाच राहिला. 1924 मध्ये कॅलेब ब्रॅग यांच्या ‘बेबी बूटलेगर’ने तो न्यूयॉर्कला नेला. या निर्बंधांचा परिणाम मोजायचा तर एक उदाहरण पुरेसे आहे. 1920 मध्ये मिस अमेरिकाने गोल्ड कपच्या 30 मैलांच्या फेरीत राखलेली ताशी 70 मैलांवरची सरासरी पुढे 26 वर्षे कोणालाही गाठता आली नाही.

विजयांच्या या काळातच क्लबची आजची वास्तू उभी राहिली. बांधकामाच्या वेळी वुड हेच क्लबचे कमोडोर, म्हणजे प्रमुख, होते. आराखडा जॉर्ज मेसन यांचा. मॅकिनॅक बेटावरचे ग्रँड हॉटेल आणि डेट्रॉइटचे भव्य मेसॉनिक टेम्पल ही त्यांचीच कामे. बेल आइलला लागून भर घालून केलेल्या स्वतंत्र बेटावर भूमध्यसागरी धाटणीची ही इमारत 1923 मध्ये खुली झाली. पांढऱ्याशा गिलाव्याच्या भिंती, कौलारू छपरे, कमानी आणि नदीकडे तोंड करून असलेली दालने असे तिचे रूप आहे. अमेरिकेतील यॉट क्लबांच्या इमारतींत ती सर्वांत मोठी गणली जाते. शहरातून बेल आइलला जाणारा नवा पूलही त्याच वर्षी वाहतुकीला खुला झाला. एवढा पसारा मांडण्याची हिंमत शिडाच्या नौका बाळगणाऱ्या जुन्या सभासदांत कदाचित आली नसती. मोटारींचा पैसा आणि शर्यतींचा लौकिक दोन्ही ऐन भरात असताना क्लबला असा कमोडोर लाभला, हा योग होता.

गोल्ड कपचे दार अरुंद झाल्यावर वुड यांनी सारी ताकद हार्म्सवर्थकडे लावली. तेथे इंजिनांच्या आकाराला बंधन नव्हते. 1921 मध्ये चार लिबर्टी इंजिनांच्या ‘मिस अमेरिका दुसरी’ने इंग्लंडचे आव्हान डेट्रॉइट नदीतच परतवले. 1926 मध्ये फ्रान्सची नौका आली आणि हरली. 1928 पासून सलग तीन वर्षे आव्हान दिले ते मॅरियन ‘जो’ कार्स्टेअर्स या ब्रिटिश महिलेने. स्वतःचा नौका-कारखाना असलेली आणि सुकाणू स्वतः धरणारी ही प्रतिस्पर्धी वुड यांच्या तोडीची होती, पण तिच्या नौका शर्यत पुरी करण्याआधीच दगा देत. 1928 मध्ये तर तिची ‘एस्टेल दुसरी’ शर्यतीतच उलटली.

त्याच वर्षी शर्यतीपूर्वीच्या चाचणीत ‘मिस अमेरिका सहावी’ भर वेगात अक्षरशः फुटली. वुड आणि त्यांचे यंत्रज्ञ ऑर्लिन जॉन्सन पाण्यात फेकले गेले आणि जॉन्सन गंभीर जखमी झाले. नदीच्या तळातून इंजिने वर काढण्यात आली. अल्गोनॅकच्या कारागिरांनी नॅपोलियन लिसी यांच्या हाताखाली थोड्याच दिवसांत नवा सांगाडा उभा केला, त्यात तीच इंजिने बसली, आणि या ‘मिस अमेरिका सातवी’ने चषक राखून वर ताशी 92.838 मैलांचा विक्रमही केला. वुड यांच्या यशाचे श्रेय वाटायचे झाले तर जॉन्सन आणि लिसी यांना त्यातला मोठा वाटा द्यावा लागेल. इंजिनांच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, तेलाच्या फवाऱ्यात, नौकेच्या प्रत्येक धक्क्याला तोंड देत जॉन्सन वुड यांच्या शेजारी बसत आणि मापकांवर नजर ठेवत. नौकेवर आणखी दोन ‘प्रवासी’ असत. ‘टेडी’ आणि ‘ब्रुइन’ ही कापडी अस्वले वुड यांनी शुभशकुन म्हणून बाळगली होती, आणि त्यांच्या अंगातही छोटी तरंगजाकिटे असत. लाखो डॉलर इंजिनांवर ओतणारा हा कारखानदार अस्वले बरोबर असल्याशिवाय शर्यतीला निघत नसे.

वुड यांना प्रसिद्धीचे तंत्रही साधले होते. 1921 मध्ये त्यांनी मायामीहून न्यूयॉर्कला निघालेल्या ‘हवाना स्पेशल’ या आगगाडीशी शर्यत लावली. अटलांटिकच्या किनाऱ्याने सुमारे 1250 मैल नौका हाकत ते 47 तासांहून थोड्या अधिक वेळात न्यूयॉर्कला पोचले आणि गाडीला काही मिनिटांनी मागे टाकले. चषक वगैरे काही नव्हते, पण ज्यांनी आयुष्यात शर्यतीची नौका पाहिली नव्हती त्यांनाही गार वुड हे नाव माहीत झाले.

1930 ते 1932 ही तीन वर्षे पाण्यावरच्या वेगाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली म्हणावी लागतील. 13 जून 1930 रोजी इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरावर ताशी 98.76 मैलांचा विक्रम केल्यावर सर हेन्री सीग्रेव्ह यांची ‘मिस इंग्लंड दुसरी’ उलटली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. मार्च 1931 मध्ये वुड यांनी मायामी बीच येथे ताशी 102.256 मैल गाठले. ताशी शंभर मैलांची रेषा ओलांडणारी त्यांची नौका पहिलीच. दुरुस्त झालेल्या मिस इंग्लंड दुसरीवर आता के डॉन होते. त्यांनी एप्रिलमध्ये अर्जेंटिनात आणि जुलैमध्ये इटलीतील गार्डा सरोवरावर वुड यांचा विक्रम मागे टाकला आणि सप्टेंबरात ती नौका घेऊन ते डेट्रॉइटला उतरले.

त्या हार्म्सवर्थ शर्यतीला दोन्ही काठांवर चार लाखांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज वृत्तपत्रांनी दिला. पहिली फेरी डॉन यांनी सरळ जिंकली. स्वतःच्या पाण्यात हरण्याची वुड यांची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या फेरीआधी नौकेतल्या बिघाडामुळे त्यांनी थोडा वेळ मागितला, तो डॉन यांनी दिला नाही. या शर्यतींत नौका थांबून सुटत नाहीत. धावत येऊन घड्याळाच्या ठोक्याला आरंभरेषा ओलांडायची असते आणि पाच सेकंदांहून अधिक आधी ओलांडली तर बाद. वुड यांची ‘मिस अमेरिका नववी’ वेळेआधीच रेषेवर सुटली, डॉन तिच्या मागोमाग गेले आणि दोघेही बाद झाले. पुढच्या वळणावर मिस इंग्लंड दुसरी उलटली. डॉन आणि त्यांचे सहकारी बचावले. मागे उरलेल्या ‘मिस अमेरिका आठवी’वर वुड यांचे बंधू जॉर्ज होते. त्यांनी राहिलेल्या फेऱ्या शांतपणे पूर्ण केल्या आणि चषक अमेरिकेत राहिला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी याला सापळा म्हटले. डेट्रॉइटने ती घाईतली चूक मानली. आपली एक नौका मागे सुरक्षित आहे हे माहीत असलेल्या माणसाला ही ‘चूक’ परवडणारी होती, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावे लागेल. नियम मोडला गेला नाही, पण क्लबच्या इतिहासातला हा विजय अभिमानाने सांगण्याजोगा ठरला नाही.

वुड यांनी त्याचे उत्तर पुढच्या वर्षी दिले. 38 फुटांच्या ‘मिस अमेरिका दहावी’त पॅकार्डची चार बारा सिलिंडरी इंजिने दोन-दोनच्या जोड्यांत बसवली होती. एकूण शक्ती सहा हजार अश्वशक्तीच्या वर होती. 1932 मध्ये सेंट क्लेअर सरोवरावर त्यांनी डॉन यांच्या ‘मिस इंग्लंड तिसरी’ला हरवले आणि सप्टेंबरात सेंट क्लेअर नदीवर ताशी सुमारे 125 मैल, म्हणजे 200 किलोमीटरच्या वर, विक्रम नोंदवला. 1933 मध्ये ह्युबर्ट स्कॉट-पेन ‘मिस ब्रिटन तिसरी’ घेऊन आले. तिची लांबी जेमतेम 24 फूट, इंजिन एकच. चार इंजिनांच्या धुडापुढे ती हरली, पण तिने दिलेली झुंज पाहून जाणकारांना निराळाच धडा मिळाला. भविष्य हलक्या नौकांचे होते. वुड त्यानंतर शर्यतींतून निवृत्त झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या टॉर्पेडो नौका घडल्या त्या स्कॉट-पेन यांच्या नमुना नौकेवरून, आणि त्यांत बसली ती पॅकार्डची इंजिने. डेट्रॉइटच्या पाण्यावर समोरासमोर आलेल्या दोन पक्षांचे कसब असे एकत्र आले.

वुड यांच्या कारखान्याने डंपरांच्या जोडीने कचरा दाबून भरणाऱ्या गाड्याही बनवल्या. विक्रमी नौका आणि कचऱ्याची गाडी यांवर एकच नाव असण्याचा मान दुसऱ्या कोणा शर्यतवीराला मिळाला असेल असे वाटत नाही. उतारवयात ते फ्लोरिडात राहिले आणि 19 जून 1971 रोजी मायामी येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले.

त्यांच्या निवृत्तीनंतरही डेट्रॉइटची शर्यतींची भूक कमी झाली नाही. 1937 मध्ये ‘नोत्र दाम’ या डेट्रॉइटच्या नौकेने गोल्ड कप जिंकला. 1938 मध्ये इटलीचे थिओ रोसी येथून चषक घेऊन गेले. युद्धामुळे 1942 ते 1945 शर्यती बंद होत्या. 1946 मध्ये डेट्रॉइट नदीवरच वाद्यवृंदाचे प्रसिद्ध संचालक गाय लोम्बार्डो यांनी ‘टेम्पो सहावी’ हाकत वुड यांची 1920 ची ती सरासरी मोडली. 1948 ची शर्यत खवळलेल्या पाण्यात झाली. एकामागून एक नौका मोडत गेल्या आणि ‘मिस ग्रेट लेक्स’ने कशीबशी अखेरपर्यंत टिकून चषक घेतला. नौकाबांधणीतही बदल झाला. युद्धातून उरलेल्या ॲलिसन आणि रोल्स-रॉइस विमान-इंजिनांनी लिबर्टीची जागा घेतली. विचार मात्र वुड यांचाच होता: लांब, वजनदार सांगाडा आणि त्यात मावेल तेवढी शक्ती.

1950 मध्ये या विचाराला तडा गेला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअॅटलहून ‘स्लो-मो-शन चौथी’ आली. मालक स्टॅन सेअर्स, रचनाकार टेड जोन्स, बांधणारे अँकर जेन्सन. पुढच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे तरंगते पाय आणि मागे अर्धा पाण्याबाहेर फिरणारा पंखा, अशा तीनच ठिकाणी ती पाण्याला टेकत असे. मधल्या पोकळीत कोंडलेली हवा तिला उचलून धरी. अर्धवट उघड्या पंख्यामुळे मागे पाण्याचा उंच फवारा उसळे. 26 जून 1950 रोजी तिने सिअॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी 160.323 मैल गाठले. आधीचा माल्कम कॅम्पबेल यांचा विक्रम 141.74 मैलांचा होता. एवढी मोठी उडी ऐकून डेट्रॉइटला सावध होता आले असते. तरीही जुलैत गोल्ड कप गेला आणि त्याच उन्हाळ्यात हार्म्सवर्थ शर्यतही तिनेच जिंकली. हार्म्सवर्थ चषक देशाचा असल्याने अमेरिकेतच राहिला, पण गोल्ड कप सिअॅटल यॉट क्लबच्या निशाणाखाली जिंकलेला असल्याने शर्यत उचलून तीन हजार किलोमीटर दूर गेली. ज्या नियमाने डेट्रॉइटला शर्यतींची राजधानी केले, त्याच नियमाने ती हिसकावून घेतली.

शर्यत परत आणायला पाच वर्षे लागली. 1955 मध्ये डेट्रॉइटच्या ली शोनिथ यांच्या ‘गेल पाचवी’ने सिअॅटलमध्ये चषक जिंकला तो गुणांच्या हिशोबावर, एकूण वेळेतल्या अवघ्या 4.536 सेकंदांच्या फरकाने. बिल मन्सी यांची ‘मिस थ्रिफ्टवे’ जिंकली असे समजून काठावरच्या सिअॅटलकरांनी आधीच जल्लोष सुरू केला होता. 1956 मध्ये डेट्रॉइटला झालेल्या शर्यतीत मन्सी यांनी परतफेड केली. त्या शर्यतीचा निकाल तक्रारींत आणि सुनावण्यांत अडीच महिन्यांहून अधिक काळ लटकून राहिला. स्लो-मो-शन चौथी त्याच वेळी डेट्रॉइट नदीवरच्या सरावात उद्ध्वस्त झाली आणि सप्टेंबरात सेअर्स यांचेही निधन झाले. 1959 मध्ये कॅनडाच्या ‘मिस सुपरटेस्ट तिसरी’ने डेट्रॉइटमध्ये हार्म्सवर्थ चषक जिंकला आणि वुड यांनी 39 वर्षांपूर्वी आणलेली ती वस्तू अखेर नदी ओलांडून गेली.

1963 पासून गोल्ड कपचा मूळ नियमच बदलला. विजेत्याच्या क्लबऐवजी सर्वाधिक बोली लावणाऱ्या शहराला शर्यत मिळू लागली. डेट्रॉइटने ती अनेकदा मिळवली, पण आता पैसा प्रायोजकांचा, व्यवस्था शर्यत-समित्यांची आणि नौकांवरची नावे कंपन्यांची होती. यॉट क्लबच्या निशाणाचे मोल शर्यतीपुरते संपले. धोका मात्र कायम राहिला. 1966 च्या गोल्ड कपमध्ये डेट्रॉइट नदीवर चक थॉम्प्सन यांचा मृत्यू झाला. वेग वाढत गेला तशी हीच अरुंद, वाहती आणि दोन्ही काठांवरून लाटा परतवणारी नदी हायड्रोप्लेन हाकणाऱ्यांत सर्वांत खडतर पाण्यांपैकी एक म्हणून ओळखली जाऊ लागली.

क्लबने पुन्हा शिडाच्या नौका, मोटारनौका आणि सभासदांच्या कुटुंबांचे उन्हाळे यांकडे लक्ष वळवले. मोटार उद्योग ओसरला आणि शहराची लोकसंख्या घटली, त्या दशकांत 1923 च्या इमारतीचा पसारा राखणे सोपे नव्हते. 2011 मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. बेल आइलवरच्या डॉसिन ग्रेट लेक्स संग्रहालयात ‘मिस पेप्सी’ ही नौका पाहायला मिळते. दोन ॲलिसन इंजिने एकामागे एक बसवलेली, पायरीच्या तळाची, लांबलचक. 1950 च्या दशकात तिने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण तीन ठिकाणी टेकणाऱ्या सिअॅटलच्या नौकांपुढे गोल्ड कप तिला कधी मिळाला नाही. वुड यांच्या पद्धतीची ती शेवटची मोठी नौका.